तरंगत्या बेटाखालचा हिशेब

प्लास्टिकच्या पाइपांची चौकट, तिच्यावर ताणलेली जाळी, जाळीच्या भोकांत काथ्याचे गोळे आणि त्या काथ्यात रोवलेली कर्दळ. शहरातल्या तलावात सोडलेलं ‘तरंगतं बेट’ म्हणतात ते एवढंच असतं. पहिल्या दोन महिन्यांत ते फार देखणं दिसतं. लाल-पिवळी फुलं, एखादा वंचक बगळा चौकटीवर ध्यान लावून बसलेला, काठावर फोटो काढणारी माणसं. असं एक बेट मी जवळून पाहिलं ते उद्घाटनानंतर दीडेक वर्षानं. चौकटीचा एक कोपरा पाण्याखाली गेला होता. कर्दळीचे दांडे काळे पडून आडवे झाले होते आणि बोट लावलं की सालीसकट निसटून येत होते. तिथून पन्नासेक पावलांवर नाल्याचं तोंड होतं आणि ते आपलं काम एक दिवसही न चुकवता करत होतं.

त्या बेटानं दीड वर्षात पाण्यातून जे काही उचललं होतं, ते आता कुजून पुन्हा त्याच पाण्यात जात होतं. तलाव झाडांनी शुद्ध करण्याच्या बहुतेक योजना याच जागी येऊन फसतात, आणि दोष झाडांचा नसतो. झाड पाण्यातली घाण नाहीशी करत नाही, ती काही काळ आपल्या अंगात ठेवून घेतं. वेळेवर कापून ते बाहेर नेलं, तर घाण बाहेर गेली. नाही नेलं, तर ती ठेव व्याजासकट तलावात परत. तेव्हा कुठलं झाड लावणार याच्या आधी मी दोन गोष्टी विचारीन: नाल्यातून रोज किती येतं, आणि लावलेलं कापणार कोण.

मुळांचं खरं काम आधी पाहू. कर्दळ, वाळा, पाणकणीस, बोरू यांपैकी कुठल्याही झाडाचं मूळ पाण्यातून उचलून पाहिलं तर त्याच्यावर एक बुळबुळीत थर लागलेला असतो. तो जिवाणूंचा. सांडपाण्यातला कुजका माल खाण्याचं काम मुख्यतः हे जिवाणू करतात. मूळ त्यांना बसायला जागा देतं, थोडा प्राणवायू पुरवतं आणि पाण्यातले बारीक कण अडवून धरतं. नत्राच्या बाबतीत जिवाणूंची ही वसाहत एक मोठीच कामगिरी करते. प्राणवायू असलेल्या जागी अमोनियाचं नायट्रेट होतं, प्राणवायू नसलेल्या जागी नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो, आणि तो हवेत निघून जातो. हवेत नाहीतरी जवळजवळ चार-पंचमांश तोच असतो. म्हणजे नत्राला तलावातून बाहेर पडायला एक दार आहे.

स्फुरदाला ते दार नाही. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. त्याचा असा वायू होऊन हवेत जात नाही. पाण्यात आला की तो पाण्यात राहतो, नाहीतर शेवाळात, माशात, झाडात किंवा तळच्या गाळात, आणि यांतल्या कुठूनही तो परत पाण्यात येऊ शकतो. गोड्या पाण्याचा तलाव हिरवागार होण्यामागे बहुतेक वेळा हाच असतो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात खास प्रयोगांसाठी राखलेले तलाव आहेत. 1973 साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या 226 क्रमांकाच्या तलावाच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातलं, स्फुरद फक्त एकात. तेवढाच भाग शेवाळानं हिरवा झाला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेला त्याचा फोटो पुढे प्रसिद्ध झाला. साबण-पावडरीतल्या फॉस्फेटवरचा वाद तेव्हा ऐन रंगात होता आणि शेवाळाला जबाबदार कार्बन आहे असं सांगणारे पुष्कळ होते. त्यांचा आवाज त्या एका फोटोनं बराच खाली आणला.

आता जरा गणित करू. आकडे ढोबळ आहेत, पण या विषयात ढोबळ आकडेही डोळे उघडतात. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला सुमारे दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. वर्षाचा झाला साधारण 550 ग्रॅम. पाणवनस्पतीच्या एक किलो सुक्या पाल्यात सुमारे तीन ग्रॅम फॉस्फरस धरू. म्हणजे एका माणसाचा वर्षाचा फॉस्फरस झाडांत साठवायचा तर 180 किलोच्या वर सुका पाला हवा. जलपर्णीत 95 टक्क्यांपर्यंत पाणीच असतं, त्यामुळे तो 180 किलो सुका पाला म्हणजे साडेतीन टनांहून अधिक ओली जलपर्णी. एका माणसाची, एका वर्षाची.

तलावाला मिळणाऱ्या नाल्यावर दहा हजारांची वस्ती असेल, आणि शहरात ही काही मोठी वस्ती नव्हे, तर रोज सुमारे शंभर टन जलपर्णी वाढायला हवी आणि रोज तेवढीच काढून न्यायला हवी. दहा टनी ट्रक धरले तर रोज दहा ट्रक, रविवारी आणि सणावारीसुद्धा. निम्मा फॉस्फरस वाटेत कुठे अडला असं मानलं तरी पाच. कर्दळीची बेटं घ्या. चौरस मीटरमागे वर्षाला दीड किलो सुका पाला कापून निघाला असं धरलं, तर माणशी सव्वाशेच्या आसपास चौरस मीटर बेट लागेल. दहा हजार माणसांना 120 हेक्टर. शहरातल्या कित्येक तलावांचा सगळा विस्तारही तेवढा नसतो, आणि आपण त्यात दोन खाटांएवढी चार बेटं सोडून ‘नैसर्गिक जलशुद्धीकरण’ असा फलक लावतो.

वनस्पतींनी पाणी शुद्ध करण्याची विद्या मुळात खोटी आहे, असं यावरून कोणी समजू नये. ती चांगली जुनी आणि कसोटीला उतरलेली आहे. जर्मनीत प्लोन इथल्या माक्स प्लांक संस्थेत केटे झायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी 1950 च्या दशकात लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींवर प्रयोग सुरू केले. दूषित पाण्यात या वनस्पती नुसत्या तगत नाहीत, ते पाणी सुधारतातही, हे त्या दाखवत होत्या. अभियंत्यांच्या जगात त्या काळी या गोष्टीची थट्टाच जास्त झाली. पुढे 1970 च्या दशकात नासाच्या मिसिसिपीतल्या केंद्रात बिल वोल्व्हर्टन यांनी सांडपाण्याच्या तळ्यांत चक्क जलपर्णी वापरून पाहिली, आणि तिनं पाणी सुधारलं. वाळू-खडीच्या वाफ्यात बोरू लावून त्यातून सांडपाणी झिरपवायचं तंत्र तर आज जगभर चालतं. युरोपात अशा वाफ्यासाठी माणशी पाचेक चौरस मीटर जागा धरतात, उष्ण हवेत त्याहून कमी पुरते.

पण हे सगळे प्रयोग तलावात झालेले नाहीत, इकडे लक्ष द्यायला हवं. ते वाफ्यात किंवा बांधीव तळ्यात झाले. तिथे पाणी किती यायचं, किती दिवस थांबायचं, कुठून बाहेर पडायचं हे माणसाच्या हातात असतं. पाण्याचा प्रत्येक थेंब मुळांमधून जातो, कारण त्याला दुसरी वाटच ठेवलेली नसते. तलावातल्या बेटाची मुळं वरच्या हात-दीड हात पाण्यात लोंबतात आणि बाकीचं पाणी त्यांना वळसा घालून, त्यांच्या खालून, त्यांची ओळखही न करून घेता निघून जातं. शिवाय माणशी पाच चौरस मीटरचा तो हिशेब कुजक्या मालाचा आहे, स्फुरदाचा नाही. वाफ्यातली खडी काही वर्षं स्फुरद धरते, मग तिचंही पोट भरतं. वाफ्याच्या यशाचा दाखला देऊन तलावात बेट विकणं म्हणजे विहिरीला बसवलेल्या पंपाची जाहिरात करून समुद्र उपसायला देणं.

आणि जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही पाहुणी पोषक पाणी आणि ऊब मिळाली की एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचं एक रोप हातात घेऊन पाहा. देठ फुगीर, आतून स्पंजासारखा, बोटांनी दाबला की चरचर आवाज करणारा. खाली जांभळट काळी मुळं, पिसासारखी, आणि त्यांच्यात अडकलेला चिखल, बारीक गोगलगायी, कसल्या कसल्या अळ्या. ज्या गुणांमुळे ती गाळणी म्हणून उत्तम ठरते, त्याच गुणांमुळे मोकळी सुटल्यावर ती तलाव गिळते. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरियासारख्या समुद्रासमान सरोवराला तिनं 1990 च्या दशकात जेरीस आणलं होतं. बंदरं, मासेमारी, सगळंच अडलं. पानांची सलग चादर झाली की खाली ऊन पोचत नाही, वाऱ्यानं पाणी ढवळत नाही आणि पाण्यातला प्राणवायू घसरतो. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या तर पृष्ठभागावर श्वास घ्यायला येतच नाहीत. त्या जलपर्णी आणि तिच्यासारखीच पाण्यावर तरंगणारी पिस्टिया अशा झाडांच्या मुळांना नळी टोचून तिथूनच हवा घेतात. हे डास हत्तीरोग पसरवतात. झाडं लावली म्हणजे आपोआप आरोग्य आलं, असं समजणाऱ्यांनी ही अळी एकदा भिंगाखाली पाहावी.

जलपर्णी काढली जाते तेव्हा पुढे काय होतं, हेही पाहण्यासारखं असतं. पोकलेननं ती ओढून काठावर टाकतात. ओली असल्यामुळे तिचं वजन प्रचंड, वाहतूक महाग, म्हणून ‘जरा वाळू दे’ असं ठरतं. ढीग काठावरच बसतो, आतून कुजतो, त्यातून चहाच्या रंगाचं पाणी पाझरतं आणि उतारानं तलावात जातं. पाऊस आला तर मग विचारायलाच नको. कागदावर जलपर्णी निघालेली असते, बिलही निघालेलं असतं, आणि तिनं वर्षभर गोळा केलेला माल घरवापसी करत असतो.

झाडं आणि स्वच्छ पाणी यांचं नातं नेमकं उलट्या बाजूनंही पाहायला हवं. उथळ तलावांचा अभ्यास करणारे डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर यांनी 1990 च्या दशकात एक कल्पना मांडली, आणि ती मला या विषयातली सर्वांत उपयोगी वाटते. उथळ तलावाच्या दोन अवस्था असतात आणि दोन्ही चिवट असतात. एकीत पाणी नितळ असतं आणि तळावर झाडं डोलत असतात. ती गाळ धरून ठेवतात, शेवाळाचा खुराक पळवतात आणि शेवाळ खाणाऱ्या पाणपिसवांना माशांपासून लपायला जागा देतात. दुसरीत पाणी हिरवं गढूळ असतं. ऊन तळापर्यंत जातच नाही, म्हणून तळावर झाडं नाहीत, आणि झाडं नाहीत म्हणून गाळ सतत वर येत राहतो. तळ उकरणारे मासे त्यात भर घालतात. पोषक द्रव्यं वाढत गेली तरी नितळ तलाव बराच काळ तग धरतो आणि मग एकदम उलटतो. उलटल्यावर मात्र पोषक द्रव्यं थोडीशी कमी करून तो परत फिरत नाही, फार खाली आणावी लागतात.

म्हणजे पाण्याखाली वाढणारी झाडं ही तलावाची खरी राखणदार आहेत, पण त्यांना आधी उजेड लागतो. हिरव्या पाण्यात हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया रोवून ती पाणी नितळ करतील म्हणणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत तुळस ठेवून खोली उजळण्याची वाट पाहणं. आधी पाणी पुरेसं नितळ व्हावं लागतं. मग झाडं ते तसं टिकवतात.

तलाव खरोखर सुधारले तिथे काय घडलं? अमेरिकेत सिएटल शहराला लागून वॉशिंग्टन सरोवर आहे. 1950 च्या दशकात त्यात रोज कोट्यवधी लिटर सांडपाणी येत होतं आणि, हे विशेष, ते बहुतांशी प्रक्रिया केलेलं होतं. प्रक्रियेत कुजका माल गेला होता, स्फुरद राहिला होता. प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी शेवाळाचं लक्षण ओळखून पुढचं भाकीत केलं, लोकांनी मतदान करून खर्च मंजूर केला आणि 1963 ते 1968 या काळात ते सगळं सांडपाणी सरोवरापासून वळवण्यात आलं. जिथे मीटरभर खाली काही दिसत नव्हतं, तिथे थोड्याच वर्षांत तीन मीटरपर्यंत दिसू लागलं. एकही बेट सोडावं लागलं नाही. पण त्यांच्याजवळ सांडपाणी नेऊन सोडायला खोल सागरी खाडी होती, ती सगळ्यांकडे नसते. शिवाय सरोवर खोल होतं, म्हणून ते लवकर सावरलं.

उथळ तलावाची गोष्ट अवघड असते. स्वीडनमधल्या वेक्शो गावाजवळच्या ट्रुमेन तलावात येणारं सांडपाणी 1950 च्या दशकाच्या अखेरीस बंद केलं, तरी दहा वर्षं तलाव जागचा हलला नाही. तळच्या गाळात साठलेला स्फुरद दर उन्हाळ्यात वर येत होता. प्राणवायू संपला की गाळातलं लोह त्याला धरून ठेवू शकत नाही. शेवटी 1970 आणि 1971 मध्ये वरचा काळा गाळ उपसून काढला, तेव्हा पाणी सुधारलं. आधी नाला, मग गाळ, मग झाडं, या क्रमाला मला आजवर आडवाट सापडलेली नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं: ‘मैलाशुद्धीकरण प्रकल्पाला कोट्यवधी लागतात, वीज लागते, वर्षं जातात. तोवर हात बांधून बसायचं का? बेटं स्वस्त आहेत, काहीच नसण्यापेक्षा बरी.’ या म्हणण्यात सगळंच चूक नाही. बेटांखाली माशांची पिल्लं लपतात, वर पक्षी बसतात. ज्या तलावाकडे लोकांनी नाक दाबून पाठ फिरवली होती, तिकडे ते पुन्हा बघू लागतात, आणि ही लहान गोष्ट नव्हे. पण मग तिला बाग म्हणा, बागेच्या पैशातून करा. जलशुद्धीकरणाच्या नावाखाली ती करण्यात गोची अशी की त्या नावाचा पैसाही संपतो आणि नाल्याचा प्रश्न कागदोपत्री सुटतो. पुढच्या वर्षी कोणी नाल्याबद्दल विचारलं, तर ‘त्यावर नैसर्गिक उपाय चालू आहे’ हे उत्तर तयार असतं. स्वस्त हा शब्दही तपासून घ्यावा. बेट स्वस्त दिसतं कारण अंदाजपत्रकात लावणीचा खर्च असतो, कापणीचा नसतो. वर्षातून चार वेळा होडीतून जाऊन कर्दळ कापणारी माणसं, ती वाहून नेणारं वाहन, चौकटीची डागडुजी आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं हे सगळं दहा वर्षांसाठी मांडलं की स्वस्ताई बरीच उतरते.

झाडांना योग्य जागा दिली तर मात्र ती फार कामाची आहेत. ती जागा म्हणजे नाला आणि तलाव यांच्यामधली. शुद्धीकरण प्रकल्पातून निघालेलं पाणी थेट तलावात न सोडता आधी बोरूच्या वाफ्यातून किंवा पाणकणसाच्या उथळ दलदलीतून फिरवायचं. कॅलिफोर्नियातल्या आर्काटा या लहान गावानं 1980 च्या दशकात हेच केलं. तिथे सांडपाण्याच्या दलदलीत आज लोक पक्षी पाहायला येतात. पावसाचं पाणी रस्त्यांवरचं तेल, माती आणि कचरा घेऊन येतं. तेही तलावात पडण्याआधी अशा झाडीतून गेलं तर गाळ तिथेच बसतो, आणि तो काढायलाही सोपा, कारण तिथवर गाडी जाते. तिसरी जागा काठाची. सिमेंटची उभी भिंत आणि तिच्यावर रंगीत दिवे हे तलाव-सुशोभीकरणाचं ठरीव चित्र झालं आहे. त्याऐवजी सावकाश उतरणारा मातीचा काठ ठेवला तर लव्हाळे आणि पाणकणीस कोणी न लावता येतात. काँक्रीटच्या कडेला कर्दळीचं तरंगतं बेट बांधलेलं पाहिलं की मला हसावं की रडावं कळत नाही. काठावरची झाडं स्वतः उखडायची आणि नंतर ती विकत आणून पाण्यावर बांधायची!

आणि मूळ स्रोत अडवायचाच असेल, तर झाडापेक्षा कायदा जास्त स्फुरद अडवतो. युरोपीय संघानं घरगुती कपडे धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटवर 2013 पासून मर्यादा घातली. त्यामुळे पाण्यात आलाच नाही असा फॉस्फरस शोषायला एकही रोप लागत नाही.

तलावावर झाडांची योजना आणणाऱ्यांकडून मला कुठलं मोठं तंत्रज्ञान नको आहे. काठावरच्या फलकावर तीन रकाने हवे आहेत. पहिल्यात नाल्यातून रोज किती पाणी येतं आणि त्यात स्फुरद किती. दुसऱ्यात पारदर्शकता. ती मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. 1865 साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं पोपच्या जहाजावरून समुद्रात पांढरी तबकडी सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहिलं. आजही ताटलीएवढी काळी-पांढरी तबकडी आणि खुणा केलेली दोरी एवढ्यावर हे काम होतं. शाळेतली मुलं दर आठवड्याला करू शकतील. तिसरा रकाना वजनकाट्याच्या पावत्यांचा: या महिन्यात किती टन पाला कापून नेला आणि कुठे टाकला.

‘कुठे’ हा भाग मी मुद्दाम घालतो. नाल्यात कारखान्यांचं पाणी मिसळत असेल तर झाडांच्या मुळांत शिसं, कॅडमियम, क्रोमियमही साठतं. तो पाला खत म्हणून शेतात गेला, तर तलावातलं विष आपण भाजीत पोचवलं. तेव्हा खताचा खड्डा खणण्यापूर्वी पाल्याची तपासणी करायला हवी, आणि त्या तपासणीचा खर्च बेटांच्याच अंदाजपत्रकात, कापणीच्या खालच्या ओळीत, आधीपासून धरलेला असायला हवा.